पिंपावरची चॅरिटी शील्ड

हेबलशॉ,
शनिवार, ७ ऑगस्ट १९७६,
संध्याकाळचा चहा झाल्यावर

प्रिय विनीताईस,

धाकट्या नॉरिसचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? हर्बर्टभावोजींची छाती या कोरड्या हवेत जरा मोकळी झाली असेल, असं धरून चालतो. मार्गेटचा समुद्र अजून जागेवर आहे ना? (विचारायचं कारण, आमच्याकडचा तलाव जागेवर नाही. तळाशी तीन सायकली, एक बाळगाडी आणि युद्धाच्या वेळी हरवलेली पोलीस चौकीची पाटी एवढं वर आलं आहे.) मी ठीक आहे. आंघोळ आठवड्यातून एकदा, तीही चार बोटं पाण्यात. नंतर तेच पाणी बादलीनं नेऊन घेवड्याला घालतो. घेवडा माझ्यापेक्षा तजेलदार दिसतो.

तुझं एकोणतीस तारखेचं पत्र मिळालं. आमच्या पाद्र्यांच्या पत्नी मिसेस पॉम्फ्रेट यांनी तुला कळवलं, की मी एप्रिलपासून दर रविवारी दुपारी चार वाजता, केस विंचरून, मिल लेनवरच्या मिसेस टॅटरसॉल नावाच्या विधवाबाईंकडे चहाला जातो. त्यावर तू मला चार पानं लिहिलीस, त्यातलं एक पान तर नुसतं उद्गारचिन्हांचं आहे. विनीताई, मी छप्पन्न वर्षांचा आहे. त्या घरी मी पंधरा वेळा गेलो हे खरं आहे. केस विंचरले हेही खरं आहे (जेवढे आहेत तेवढे). पण त्यामागे चॅरिटी शील्ड सोडून दुसरं काहीएक नव्हतं आणि नाही. आजचा सामना होईपर्यंत हे कुणाला सांगण्याची सोय नव्हती. आज सामना झाला, म्हणून पहिल्यापासून सगळं लिहितो. वाचून झालं की पत्र जाळून टाक. मात्र बागेत जाळू नकोस, हल्ली गवत लगेच पेट घेतं.

तुला हेबलशॉ सोडून तीस वर्षं झाली, तेव्हा शील्डची रीत तू विसरली असशील. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी, हंगाम सुरू व्हायच्या आधी, काउंटीतल्या फुटबॉल लीगचा विजेता आणि कपाचा विजेता हे दोघं खेळतात. म्हणजे एकीकडे आम्ही, हेबलशॉ टाउन, आणि दुसरीकडे नदीपलीकडचे क्रॅबट्री रोव्हर्स. (तिसरा कुणी आला तर दोन्ही गावांना दुखवटा पाळावा लागतो.) उत्पन्न जातं गाढवांना. समुद्रकिनाऱ्यावर मुलांना पाठीवर फिरवून थकलेल्या गाढवांसाठी टेकडीवर एक आश्रम आहे. आमच्या खेळाडूंच्या म्हातारपणाची एवढी सोय अजून कुणी केलेली नाही. सगळे म्हणतात की हा दोस्तीचा सामना, धर्माचं काम, निकालाला काही अर्थ नाही. हरलेला क्लब हे जरा मोठ्यानं म्हणतो, आणि जिंकलेला क्लब तो निकाल लेटरहेडवर छापून घेतो. बरोबरी झाली तर जादा वेळ नाही. शील्ड दोघांची, सहा-सहा महिने प्रत्येकाकडे. पहिले सहा महिने कुणाचे, ते नाणं उडवून ठरतं. गेल्या वर्षी बरोबरीच झाली. फेब्रुवारीपर्यंत ती क्रॅबट्रीकडे होती, नंतर ऑगस्टपर्यंत आमच्याकडे. आणि आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे, कारण क्लबचं छप्पर गळतं (गळायचं, हल्ली गळायला काही नाही) आणि एकोणतीस वर्षं क्लबचा मानद चिटणीस मी आहे.

भीड ही भिकेची बहीण, असं म्हणतात. आपल्या घराण्यात ती सगळ्यांची सख्खी बहीण आहे. मार्चअखेरची एक सकाळ. मी स्वयंपाकघरात शील्ड घासत बसलो होतो. घंटा वाजली. बाईमाणसाला दारात ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून मी हातातली शील्ड खाली न ठेवता तसाच दार उघडायला गेलो. दारात मिसेस पॉम्फ्रेट, हातात मोठी टोपली, चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारासाठी दारोदार फिरत असलेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शील्डकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, “अहो मिस्टर ॲक्रॉइड! तयारच ठेवलीत? किती हो मोठं मन तुमचं!” आता इथं ‘ही नव्हे, बाई’ एवढे तीन शब्द पुरे होते. पण भरल्या डोळ्यांच्या बाईला तोंडावर खोटं पाडायचं कसं? माझ्या तोंडून आलं, “छे, छे, त्यात काय एवढं.” आणि वर, सांगायला लाज वाटते, धरायला सोपं जावं म्हणून मी तिला सुतळी बांधून दिली. १९११ पासूनच्या विजेत्यांची नावं, कडेला चांदीचा वेल, मध्ये उधळलेलं गाढव, असा काउंटीचा मान फाटकातून बाहेर गेला आणि मी दारात उभा राहून हात हलवला. (ज्या बाईंनी ती नेली त्याच बाईंनी तुला माझी चुगली लिहिली, हे ध्यानात ठेव.)

बाजार चोवीस एप्रिलला, शनिवारी. ती सरळ विकत घ्यायची, असं मी ठरवलं. हॉलचं दार दहाला उघडणार होतं. मी पावणेआठलाच जाऊन रांगेत पहिला उभा राहिलो. दहा वाजता दार उघडलं. ते दार जड आहे आणि आपलं आपण मिटतं. मी पहिला, म्हणून मी ते ढकललं आणि मागच्या म्हातारीसाठी धरून ठेवलं. म्हातारी ‘थँक्यू बेटा’ म्हणून आत गेली. तिच्या मागून तिची बहीण आली. बहिणीच्या मागून एक बाळगाडी. आता माणूस समोरून येत असताना दार सोडायचं म्हणजे त्याच्या नाकावर आपटायचं; आणि आमच्या गावात रांगेला शेवट नसतो, रांग दिसली की लोक कशासाठी आहे ते न विचारता मागे उभे राहतात. मी त्रेचाळीस माणसं आत सोडली. त्रेचाळिसांनी माझे आभार मानले. मी आत पोहोचलो तेव्हा शील्ड एका उंच, राखाडी कोटातल्या बाईंच्या काखेत होती आणि ती त्यांना पेलत नव्हती. मग काय करणार? मीच पुढे झालो आणि ती त्यांच्या घरापर्यंत उचलून नेऊन दिली.

त्या मिसेस टॅटरसॉल. नवरा बसवर ड्रायव्हर होता, सहा वर्षांपूर्वी गेला. स्वतः सव्वीस वर्षं गिरणीत मागावर होत्या. गिरणी बंद पडली तेव्हापासून घरीच. फुटबॉलशी काडीचा संबंध नाही. घरी पोहोचल्यावर त्यांनी मला परसात नेलं, बागेच्या पाण्याच्या पिंपाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, “ठेवा तिथंच. मांजर दोनदा पडलंय त्यात.” मी माझ्या हातांनी काउंटीची चॅरिटी शील्ड पिंपावर झाकण म्हणून ठेवली, चांदी खाली आणि लाकूड वर. त्यांनी त्यावर एक वीट ठेवली. मग म्हणाल्या, “एवढं ओझं आणलंत, रविवारी चहाला तरी या.” मला वाटलं, उत्तम! रविवारी जाऊ, चहा घेऊ, सगळं नीट समजावून सांगू आणि शील्ड घेऊन येऊ.

तो दुसऱ्याच दिवशीचा, पंचवीस एप्रिलचा रविवार. फाटकाशी थांबून मी वाक्य पाठ केलं: ‘मिसेस टॅटरसॉल, माफ करा, आपल्या पिंपावर आहे ती काउंटीची शील्ड आहे, ती मला परत मिळेल का?’ चांगलं वाक्य होतं. आत गेलो, खुर्चीत बसलो, तोंड उघडलं, “मिसेस टॅटरसॉल, माफ करा, आपल्या पिंपावर...” आणि त्या म्हणाल्या, “केक घ्या ना आणखी. की आवडला नाही?” आता बाईनं स्वतः केलेला केक समोर असताना पिंपाचं बोलायचं म्हणजे केक आवडला नाही असाच अर्थ. मी दुसरा तुकडा घेतला. पुढच्या रविवारी तिसरा घेतला. असे रविवार गेले. मे महिन्यात मी त्यांचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त केलं, जूनमध्ये कोंबड्यांची खोपी रंगवली. बसायची माझी जागा खिडकीसमोरची, तिथून पिंप थेट दिसायचं. बरं, पाऊस नाही, म्हणून पिंपातल्या पाण्याला सोन्याचं मोल आलेलं. झाकण मागणं म्हणजे आता बाईंच्या तोंडचं पाणी पळवणं! शेवटी बाराव्या रविवारी मला युक्ती सुचली. मी ओकचं उत्तम गोल झाकण स्वतः करून नेलं, मूठ वगैरे लावून. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी मुठीवरून दोनदा हात फिरवला. मग त्यांनी ते नेऊन दुसऱ्या पिंपावर ठेवलं.

तू म्हणशील, नॉरिस, तू मूर्ख आहेस. ते खरं आहे, पण तू चाळीस वर्षं ते म्हणते आहेस आणि त्यानं काही फरक पडलेला नाही. मला रात्र रात्र झोप नव्हती. शील्ड हरवली असं कळलं तर क्लब मला घालवणार. आणि कुणी घालवायच्या आधी मीच राजीनामा देणार, कारण तशी रीत आहे. एकोणतीस वर्षं मी त्या क्लबच्या लाइनी आखल्या, जाळी शिवली, चहाचे कप मोजले. ते गेलं तर सकाळी उठून मी कोट कशासाठी चढवायचा, हे मला कुणी सांगावं. मंगळवार-गुरुवार सराव, शनिवारी सामना आणि रविवारी... असो. रविवारचं सोडून देऊ.

तर आजचा दिवस. सामना आमच्या मैदानावर, तीन वाजता. मैदान म्हणजे भाजलेल्या पावाचा वरचा भाग, हिरवं एक पातं नाही. रिवाजाप्रमाणे शील्ड मधल्या रेषेशी टेबलावर ठेवतात, हिरव्या बनातीनं झाकून, आणि सामना संपल्यावर आमचे अध्यक्ष सर मॉर्टिमर बनात दूर करतात. बनातीखाली मी काय ठेवलं होतं ते सांगतो, पण भावोजींना सांगू नकोस. क्लबमधला चहाचा मोठा ट्रे ठेवला होता. राज्याभिषेकाच्या वर्षाचा, राणीसाहेबांच्या चित्राचा. आकार साधारण जुळत होता. पुढचं काही मी ठरवलं नव्हतं. आम्ही जिंकलो तर आमचा कर्णधार उचलणार, हरलो तर त्यांचा, बरोबरी झाली तर दोघं मिळून; तिन्ही वाटांनी शेवटी राणीसाहेबच बाहेर येणार आणि सगळ्या मैदानाला ताठ उभं राहावं लागणार. एकच आशा होती, पाऊस. मुसळधार पाऊस आला तर सामना रद्द होतो. संपूर्ण इंग्लंड मे महिन्यापासून पावसासाठी प्रार्थना करत होतं, पण माझ्याइतक्या कळकळीनं आज कुणी केली नसेल. आभाळ निळं आणि निर्लज्ज होतं.

दोन वाजता क्रॅबट्रीचे चिटणीस मिस्टर क्लेग आले. क्लेग म्हणजे नियमावली पाठ असलेला माणूस. सही करण्याआधी पेन तपासतो. नियम नऊ असा आहे की सामन्याआधी दोन्ही चिटणीसांनी शील्ड पाहावी. क्लेग टेबलापाशी आले, बनातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “ठीक आहे ना सगळं, ॲक्रॉइड?” “अगदी,” मी म्हणालो, “बघायची असेल तर बघा की.” विनीताई, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात शूर वाक्य हेच. कारण आता बनात उचलायची म्हणजे ‘तुमच्या शब्दावर माझा विश्वास नाही’ असं माझ्या तोंडावर सांगायचं, आणि ते क्लेगसुद्धा करणार नाहीत. त्यांची बोटं बनातीच्या कडेपर्यंत गेली, वळवळली आणि परत खिशात गेली. “छे हो,” ते म्हणाले, “गरज काय.” मग त्या बिचाऱ्यानं दहा मिनिटं हवेवर भाषण केलं.

क्लेग गेले आणि गाढव आलं. सामन्याआधी आश्रमातलं एक गाढव मैदानाला फेरी मारतं, तो या सामन्याचा मान आहे. यंदा डचेस नावाची म्हातारी गाढवीण होती. ती शांतपणे पाऊण मैदान चालली आणि टेबलापाशी येऊन एकदम थांबली. मे महिन्यापासून त्या जिवानं हिरवं काही पाहिलं नव्हतं. तिनं बनातीचं टोक तोंडात धरलं आणि चघळत चघळत ओढायला लागली. दोन हजार माणसं कौतुकानं हसत होती, बँड वाजत होता, आणि बनात इंच इंच सरकत होती. राणीसाहेबांच्या मुकुटाचं टोक दिसायला लागलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली. मी डोक्यावरची पेंढ्याची नवी टोपी काढून तिच्या तोंडासमोर धरली. तिनं बनात सोडली आणि टोपी खाल्ली, रिबिनीसकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उद्याच्या पेपरात ‘चिटणीसांचं प्राणिप्रेम’ असं काहीतरी येईल, ते कापून पाठवतो.

सामन्याबद्दल काय लिहू? दोस्तीचा सामना, म्हणून चाळिसाव्या सेकंदाला त्यांच्या एकानं आमच्या एकाला असा आडवा केला की धुळीत तो बराच वेळ सापडेना. धर्माच्या नावावर चालतो म्हणून लोक नेहमीपेक्षा जास्त शिव्या देत होते. माझ्यामागचे एक गृहस्थ पंचांच्या वाडवडिलांचा उद्धार करता करता मध्येच गाढवांच्या डब्यात नाणं टाकायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. मला वाटलं, मारामारीच होऊ दे, म्हणजे सामना थांबेल. मारामारी झालीसुद्धा, आणि चांगली झाली. पण पंच म्हणाले, “गाढवांसाठी आहे हे सगळं, मी आज कुणाला बाहेर काढणार नाही.” मध्यंतर जवळ आलं तेव्हा एक-एक. मी टेबलाशेजारी उभा, ओठांतल्या ओठांत पुटपुटत: पाऊस पाड रे देवा, बनातीखाली ट्रे आहे, आज माझं काही खरं नाही.

तेवढ्यात पलीकडच्या कडेला, चहाच्या मांडवाशी, राखाडी कोट दिसला. मिसेस टॅटरसॉल! हातात चाकांची बाजारपिशवी. मी त्यांना बोलावलं नव्हतं (बोलावणार कसा?). त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी मान लववली, त्यांनी मान लववली. मध्यंतराची शिट्टी झाली आणि नेहमीप्रमाणे दोन हजार माणसं एका क्षणात चहाच्या रांगेत उभी राहिली. मी पण राहिलो, कारण रांगेबाहेर एकटाच उभा राहणारा माणूस संशयास्पद दिसतो. परत आलो तर त्या तिथं नव्हत्या. दुसऱ्या अर्ध्यात आणखी एक-एक गोल झाला, कुणी केला ते मी पाहिलं नाही. दोन-दोन. शेवटची शिट्टी झाली. सर मॉर्टिमर भाषण संपवून टेबलाकडे वळले, दोन्ही कर्णधार दोन बाजूंना उभे राहिले. मी डोळे मिटले आणि राजीनाम्याचं पहिलं वाक्य जुळवायला लागलो. बनात सरकल्याचा आवाज आला. मग टाळ्या. डोळे उघडले तर दोघांच्या हातांत शील्ड! खरी शील्ड, घासून लखलखीत केलेली, गाढवाच्या डोळ्यासकट. क्लेग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “यंदा फार छान ठेवलीत. आमच्याकडे एवढी चमकत नाही.” नाणं उडवलं, त्यांची बाजू आली. पहिले सहा महिने त्यांचे. क्लेग ती घेऊन नदीपलीकडे गेले आणि मी चघळलेल्या बनातीची घडी घातली.

मैदानाच्या दाराशी मिसेस टॅटरसॉल पिशवी घेऊन थांबल्या होत्या, त्यांना घरापर्यंत सोडणं मला भाग होतं. निम्मी वाट चाललो. मग मी म्हणालो, “तुम्हाला कसं कळलं?”

“पहिल्याच रविवारी कळलं,” त्या म्हणाल्या. “फाटकाशी उभे राहून पाठ करत होतात की. मी सव्वीस वर्षं मागावर काढलीत मिस्टर ॲक्रॉइड. त्या खडखडाटात कानाचा काय उपयोग? आम्ही सगळ्या एकमेकींचे ओठ वाचूनच बोलायचो. काचेआडूनसुद्धा कळतं. आजचं तर मैदानापलीकडून कळलं. देवाला ट्रेची गोष्ट सांगत होतात.”

“मग पंधरा रविवार तुम्ही मला...”

“केक खाऊ घातला.”

“पण शील्ड द्यायची होती ना.”

त्या थांबल्या. पिशवीचं हँडल या हातातून त्या हातात घेतलं. “दिली असती,” म्हणाल्या, “पण मग तुम्ही पुढच्या रविवारी कशाला आला असतात?”

यावर मी काय बोललो ते तुला ऐकायचं असेल. मी पुढे होऊन त्यांची पिशवी ओढायला घेतली. फाटकापर्यंत आलो, टोपी काढून निरोप घ्यावा म्हणून हात वर नेला, तर टोपी गाढवाच्या पोटात. त्या हसल्या. त्या हसतात तेव्हा आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात. मी घरी आलो, चहा केला आणि तुला लिहायला बसलो.

तर हे असं आहे. आता तुझी खात्री पटली असेल की रविवारच्या भेटी केवळ शील्डपायी होत्या. शील्ड आता क्रॅबट्रीला आहे. म्हणजे त्या भेटींचं कारण संपलं, आणि हा विषयही संपला. मिसेस पॉम्फ्रेटना तसं कळव. भावोजींना नमस्कार. गुडघ्यांना जप.

तुझा भाऊ,
नॉरिस

ता. क. रविवारी सकाळी. पत्र अजून इथंच आहे, पेटी उद्या उघडते. एक तपशील राहिला होता, तो केवळ हिशेब पुरा असावा म्हणून लिहितो. काल मध्यंतरात, सगळे चहाच्या रांगेत असताना, मिसेस टॅटरसॉल यांनी बनातीखाली शील्ड ठेवून क्लबचा ट्रे पिशवीत घातला होता, तो त्यांच्याकडेच राहिला. दार लावता लावता त्या म्हणाल्या होत्या, “तुमच्या राणीसाहेब माझ्याकडे आहेत. रविवारी येऊन घेऊन जा.” क्लबची मालमत्ता आहे, चिटणीस या नात्यानं मला जावंच लागेल. यात दुसरा अर्थ काढू नकोस.

ता. क. २. रविवारी संध्याकाळी. ट्रे आणायला विसरलो.

ता. क. ३. विनीताई, तुझ्यापासून लपवून काय करू? चार वाजता फाटकाशी गेलो. त्या खिडकीत असणार हे मला माहीत होतं. म्हणूनच फाटकाशी थांबलो. समोरासमोर बसून, मध्ये केक असताना, ते मला या जन्मी जमलं नसतं. खिडकीकडे तोंड करून, आवाज न करता, मी एकच वाक्य म्हटलं. नीट म्हटलं, ओठ उघडून, एकेक शब्द सुटा. काचेआडून त्यांचे ओठ हलले. पण मी गिरणीत काम केलेलं नाही, मला एक अक्षर वाचता आलं नाही! शेवटी घंटा वाजवून विचारावं लागलं, “माफ करा, काय म्हणालात?” त्यांनी दार उघडलं. त्यांचे डोळे ओले होते. म्हणाल्या, “हो म्हटलं मी. दोनदा म्हटलं.”

तेव्हा आईची अंगठी तुझ्या कपाटातल्या कप्प्यात आहे, ती रजिस्टर पोस्टानं पाठव. पुडक्यावर आत काय आहे ते मात्र लिहू नकोस. आमचा पोस्टमन क्रॅबट्रीचा आहे, आणि त्या लोकांना आत्ताशी कुठे वाटायला लागलंय की या वर्षी तेच जिंकलेत.